माणसं, पैसा आणि मतं: मॅक्डॉवेल काउंटीचे आकडे कसे वाचायचे

अमेरिकेतल्या निवडणुकीचा निकाल लागला की लाल-निळ्या तुकड्यांचा एक नकाशा आपल्याकडेही व्हॉट्सॲपवर फिरायला लागतो. त्यातला एकेक तुकडा म्हणजे एकेक काउंटी. अशा तीन हजारांहून जास्त काउंट्या आहेत, आणि ग्रामीण भागातल्या बहुतेक लाल, म्हणजे रिपब्लिकन पक्षाच्या दिसतात. मग ठरलेला प्रश्न येतो: सरकारी मदतीवर जगणारी ही गरीब माणसं मदत कमी करू पाहणाऱ्या पक्षाला मत देतातच कशी?

या प्रश्नात एक मोठी चूक दडलेली आहे. मदत घेणारा माणूस आणि मत देणारा माणूस एकच, असं तो गृहीत धरतो. ते तसं आहे का हे तपासायचं तर आधी लोकसंख्या वाचावी लागते, मग उत्पन्न, आणि त्यानंतर मतं. इथे एकाच काउंटीचे हे तिन्ही आकडे घेऊन बसू. काउंटी मॅक्डॉवेल, राज्य वेस्ट व्हर्जिनिया. अमेरिकेतल्या कोळशाच्या, कामगार चळवळीच्या आणि गरिबीविरुद्धच्या सरकारी योजनांच्या इतिहासात हे नाव पुन्हा पुन्हा येतं. निवडणूक आली की पत्रकार इथे येतात, दोन-चार म्हाताऱ्या खाणकामगारांशी बोलतात आणि परत जातात. इथल्या माणसांबद्दल याहून नीट लिहिलं-वाचलं जायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

काउंटी म्हणजे राज्याखालचा प्रशासकीय विभाग. मॅक्डॉवेलचं क्षेत्रफळ सुमारे १,३८५ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या तालुक्याएवढं. कारभार तीन सदस्यांच्या काउंटी कमिशनकडे. कमिशनचे सदस्य, कायदा-सुव्यवस्था पाहणारा शेरीफ, मालमत्तेचं मूल्य ठरवणारा असेसर, कागदपत्रं सांभाळणारा क्लार्क, हे सगळे लोकांनी निवडून दिलेले. निवडणुकीचं कामही क्लार्कच्याच कार्यालयाकडे असतं. त्यामुळे एक सोय होते. जनगणना काउंटीनुसार, उत्पन्न काउंटीनुसार आणि मतंही काउंटीनुसार मिळतात, तीही एकाच सीमेच्या आतली. आपल्याकडे विधानसभा मतदारसंघाची हद्द आणि तालुक्याची हद्द जुळत नाही, म्हणून असा ताळा घालताना अभ्यासकांची दमछाक होते. तिथे हे काम पुष्कळ सोपं आहे.

माणसं

१८८० साली या काउंटीत ३,०७४ माणसं होती. उभे डोंगर, त्यांच्यामधल्या चिंचोळ्या दऱ्या, दरीत ओढा आणि ओढ्याकाठी जेमतेम घर बांधण्यापुरती सपाटी. शेतीला जमीनच नाही. मग पोकाहोंतास कोळसापट्ट्याचा शोध लागला, १८८० च्या दशकाच्या अखेरीस नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वे पोचली आणि सगळं बदललं. १९०० साली १८,७४७, १९१० साली ४७,८५६, १९२० साली ६८,५७१. दक्षिणेतल्या राज्यांमधून कृष्णवर्णीय मजूर आले, इटली, हंगेरी, पोलंडमधून स्थलांतरित आले. कंपनीने घरं बांधली, दुकानं घातली, नळ टाकले, आणि पगाराचा काही भाग कंपनीच्याच दुकानात चालणाऱ्या बिल्ल्यांमध्ये दिला. १९५० च्या जनगणनेत आकडा ९८,८८७ वर पोचला. जवळपास लाखभर माणसं, आणि त्यातली सुमारे चौथाई कृष्णवर्णीय.

तिथून पुढची उतरण दशकादशकाने वाचण्यासारखी आहे. १९६० साली ७१,३५९. १९७० साली ५०,६६६. म्हणजे वीस वर्षांत जवळपास निम्मी माणसं गेली. मग १९८० साली ४९,८९९, जवळजवळ जैसे थे. १९९० साली ३५,२३३. पुढे २७,३२९, मग २२,११३, आणि २०२० साली १९,१११.

ही रांग एकसारखी घसरत नाही, ती तीन टप्प्यांत घसरते, आणि प्रत्येक टप्प्याचं कारण वेगळं आहे.

पहिला टप्पा यंत्रांचा. १९५० साली संयुक्त खाणकामगार संघटनेचे नेते जॉन एल. लुईस यांनी खाणमालकांशी मोठा करार केला. त्याचा गाभा असा: मालकांनी यंत्रं आणायला संघटना आडवी येणार नाही, बदल्यात जे कामावर राहतील त्यांना चांगला पगार, आणि खणलेल्या दर टनामागे ठरावीक रक्कम कामगारांच्या दवाखान्याच्या आणि पेन्शनच्या निधीत. राहिलेल्यांसाठी तो करार उत्तम होता. पण कोळसा कापून लगोलग भरत जाणाऱ्या अखंड चालत्या यंत्रांनी हजारो हात रिकामे केले. त्याच काळात रेल्वे डिझेलवर गेली आणि घरं गॅसवर तापायला लागली. जॉन केनेडी १९६० साली प्रचारासाठी या भागात फिरले. नंतर एका भाषणात त्यांनी मॅक्डॉवेलचं नाव घेऊन सांगितलं, की इथे पूर्वी कधीही निघाला नाही इतका कोळसा निघतोय, आणि तरीही सरकारी धान्याची पाकिटं घेणारी सर्वाधिक माणसं याच काउंटीत आहेत, कारण माणसांचं काम यंत्रं करतात आणि त्या माणसांना दुसरं काम आपण देऊ शकलेलो नाही. कोळसा वाढला आणि कोळशावर जगणारी माणसं कमी झाली, हे दोन्ही एकाच वेळी घडलं. हे लक्षात ठेवलं नाही तर पुढचं काहीच कळत नाही.

१९७० च्या दशकात तेलाचे भाव भडकले, कोळशाला पुन्हा मागणी आली आणि लोकसंख्या थबकली. दुसरा टप्पा १९८० च्या दशकातला. अमेरिकेच्या पोलाद उद्योगावर मोठं संकट आलं आणि गॅरी भागातल्या यू. एस. स्टीलच्या खाणी बंद पडल्या. हे गाव त्या कंपनीचे प्रमुख एल्बर्ट गॅरी यांच्या नावाने वसलेलं होतं. कंपनी गेली तेव्हा गावाचा आधारच गेला. दहा वर्षांत साडेचौदा हजारांहून जास्त माणसं कमी झाली.

तिसरा टप्पा अजून चालू आहे आणि तो वरून शांत दिसतो. बंद पडायला आता मोठं काही उरलेलं नाही. तरुण शिकायला किंवा कामाला उत्तर कॅरोलायना, व्हर्जिनिया, ओहायोकडे जातात, मागे वयस्क राहतात. जन्म कमी आणि मृत्यू जास्त, त्यामुळे कोणी गेलं नाही तरी आकडा खाली येतो. २००१ आणि २००२ च्या पुरांनी ओढ्याकाठची घरं नेली. त्यातली कित्येक कुटुंबं परत बांधायच्या फंदात पडली नाहीत.

२०२० चा १९,१११ आणि १९०० चा १८,७४७, हे आकडे जवळजवळ सारखे आहेत, पण माणसं सारखी नाहीत. १९०० ची काउंटी तरुण मजुरांची होती. आजची निवृत्तांची, आजाऱ्यांची आणि त्यांची काळजी घेणाऱ्यांची आहे. कृष्णवर्णीयांचा वाटा चौथाईवरून दहा टक्क्यांच्या आत आला.

आणखी एक गोष्ट त्या १९,१११ मध्ये लपलेली आहे. वेल्च या मुख्य ठिकाणाजवळ केंद्र सरकारचा तुरुंग आहे, शिवाय वेल्चमध्येच राज्याचाही एक आहे. अमेरिकेची जनगणना कैद्याला त्याच्या मूळ गावी मोजत नाही, तुरुंग जिथे आहे तिथे मोजते. दोन्ही मिळून एक हजाराहून जास्त माणसं अशी, की जी या काउंटीच्या लोकसंख्येत आहेत, पण इथल्या दुकानात जात नाहीत, इथे घर चालवत नाहीत आणि मत तर देऊच शकत नाहीत. मोठ्या शहरात हजार-दीड हजाराने काही फरक पडत नाही. एकोणीस हजारांत तो लगेच दिसतो.

पैसा

मॅक्डॉवेलचं कुटुंबाचं मध्यक उत्पन्न वर्षाला ३०,००० डॉलरच्या आसपास रेंगाळतं. देशाच्या मध्यकाच्या ते निम्म्याहूनही कमी आहे, आणि दर तीन माणसांमागे साधारण एक अधिकृत गरिबीरेषेखाली. मध्यक म्हणजे सगळी कुटुंबं उत्पन्नानुसार ओळीने उभी केली तर बरोबर मधोमध उभं असलेलं कुटुंब. सरासरी वेगळी. समजा एका दरीत पाच घरं आहेत: १४ हजार, १९ हजार, २८ हजार, ४१ हजार आणि ९८ हजार. सरासरी ४० हजार येते, मध्यक २८ हजार. शेवटचं घर चालू खाणीत काम करणाऱ्याचं. खाणकामगाराचा पगार आजही तिथे बाकी कुणाहीपेक्षा खूप जास्त असतो, त्यामुळे एका घराने सरासरी फुगते. छोट्या काउंटीत सरासरीवर विसंबू नये, ते यासाठी.

दरडोई उत्पन्न तर आणखी सांभाळून वाचावं लागतं. त्यात भागाकार एकूण लोकसंख्येने होतो, आणि एकूण लोकसंख्येत कैदी आले. कुटुंबाच्या उत्पन्नात मात्र कैदी येत नाहीत, कारण तुरुंग म्हणजे कुटुंब नव्हे. म्हणून अशा ठिकाणी दोन आकड्यांपैकी मी कुटुंबाचाच धरतो.

आता खरा गोंधळ. उत्पन्न मोजणाऱ्या सरकारी यंत्रणा दोन. जनगणना विभाग कुटुंबाला विचारतो: वर्षभरात रोख किती आलं? त्यात पगार, पेन्शन, सोशल सिक्युरिटी (म्हातारपणीची सरकारी पेन्शन), अपंगत्व भत्ता येतो; अन्नकुपनं आणि सरकारने भरलेलं दवाखान्याचं बिल येत नाही. आर्थिक विश्लेषण विभाग मात्र ‘वैयक्तिक उत्पन्न’ काढताना या सगळ्याची किंमत धरतो. म्हणून त्या विभागाच्या आकड्यांत मॅक्डॉवेलच्या एकूण उत्पन्नाचा जवळपास निम्मा भाग सरकारी हस्तांतरातून आलेला दिसतो. हा आकडा वर्तमानपत्रात आला की वाचणाऱ्याला वाटतं, अर्धी काउंटी घरी बसून सरकारचे चेक वटवते.

त्या निम्म्या भागात काय काय आहे ते जवळून पाहू. सर्वात मोठा वाटा वृद्धांची सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर (वृद्धांचा सरकारी आरोग्य विमा) यांचा. आयुष्यभर पगारातून कापून घेतलेल्या पैशांवरचा तो हक्क आहे. मग अपंगत्व भत्ता: खाणीत पाठ, गुडघे, फुप्फुसं झिजवलेल्यांचा. कोळशाच्या धुळीने फुप्फुसं काळी पडण्याच्या रोगाला केंद्रीय भरपाई मिळते ती १९६९ च्या खाण सुरक्षा कायद्यामुळे, आणि तो कायदा आला तो १९६८ साली याच राज्यात फार्मिंग्टनच्या स्फोटात ७८ माणसं गेल्यावर. मॅक्डॉवेलच्या बार्टली खाणीत त्याआधी, १९४० च्या जानेवारीत, ९१ जण दगावले होते. त्यानंतर मेडिकेड, गरिबांच्या उपचारांसाठी. अन्नकुपनांचा वाटा या सगळ्यात लहान आहे, पण नाव त्यांचंच जास्त होतं. त्यालाही कारण आहे: केनेडींच्या अन्नकुपन योजनेची देशातली पहिली कुपनं २९ मे १९६१ रोजी वेल्चमध्येच वाटली गेली. कृषिमंत्री ऑर्व्हिल फ्रीमन स्वतः आले होते. पंधरा जणांच्या एका कुटुंबाला ९५ डॉलरची कुपनं मिळाली.

सरकारी पैसा वाढला म्हणून वाटा वाढला, हे अर्धंच खरं. अपूर्णांकाचा खालचा आकडा, म्हणजे एकूण उत्पन्न, आक्रसला की वरचा तेवढाच राहूनही वाटा मोठा दिसतो. पगाराची माणसं गेली, पेन्शनची राहिली.

मग कोळशाचा पैसा कुठे गेला? उत्पन्न माणूस राहतो तिथे मोजलं जातं, काम करतो तिथे नाही. शेजारच्या मर्सर काउंटीत राहून मॅक्डॉवेलच्या खाणीत येणाऱ्याचा पगार मर्सरच्या खात्यात जातो. खाणीचा नफा जिथे भागधारक राहतात तिथे जातो. जमीनही इथल्या लोकांची फारशी नाही. काउंटीचा फार मोठा भाग पिढ्यानपिढ्या बाहेरच्या कोळसा आणि जमीन कंपन्यांच्या नावावर आहे. कुणाला छोटा कारखाना घालायचा, वसाहत करायची, तर सपाट आणि विकत मिळणारी जागाच मिळत नाही. कंपन्यांनी शंभर वर्षांपूर्वी टाकलेल्या नळपाणी योजना कंपन्या गेल्यावर कुणीच सांभाळल्या नाहीत, आणि कीस्टोनसारख्या गावात लोकांनी वर्षानुवर्षं पाणी उकळून प्यायलं. इतका कोळसा दिलेल्या भागाला प्यायचं पाणी मिळू नये, हे मला कुठल्याही आकड्यापेक्षा जास्त टोचतं.

काउंटीतल्या किंबल गावात २००५ साली वॉलमार्टचं मोठं दुकान आलं आणि २०१६ च्या जानेवारीत बंद झालं. मोठ्या शहरात दुकान बंद पडणं ही बातमीही होत नाही. इथे एका झटक्यात शंभराहून जास्त नोकऱ्या गेल्या, ताज्या भाजीपाल्याची जवळची जागा गेली आणि काउंटीच्या कराच्या उत्पन्नाला खिंडार पडलं.

बेरोजगारीच्या दराने इथे फसायला होतं. तो फक्त काम करणाऱ्यांमध्ये आणि काम शोधणाऱ्यांमध्ये मोजतात. शोधणं सोडलेला, आजारी, आईवडिलांची सेवा करणारी, हे कुणी त्यात नाहीत. मॅक्डॉवेलमध्ये काम करणारे आणि काम शोधणारे असे दोन्ही मिळून प्रौढांच्या निम्म्याहून बरेच कमी भरतात, म्हणून बेरोजगारीचा दर खाली आलेला दिसला तरी आनंदायची घाई करू नये. तब्येतीचा आकडा जास्त खरं बोलतो: २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या काउंटीवार अभ्यासात इथल्या पुरुषांचं अपेक्षित आयुर्मान सुमारे ६४ वर्षं निघालं, देशातलं सर्वात कमी. वेदनाशामक गोळ्यांच्या व्यसनाने त्यात भर घातली.

मतं

मॅक्डॉवेल कायमची डेमोक्रॅट होती हा समज खरा नाही. १९३० च्या दशकाआधी इथे रिपब्लिकनांचं वजन होतं. कृष्णवर्णीय कामगारांसाठी तो लिंकनचा पक्ष होता. शेजारच्या दक्षिणी राज्यांमध्ये कृष्णवर्णीयांचा मताधिकार हिरावला गेला होता, तो वेस्ट व्हर्जिनियात टिकला. १९२८ साली कीस्टोनच्या मिनी बकिंगहॅम हार्पर पतीच्या निधनाने रिकाम्या झालेल्या जागेवर नेमल्या गेल्या आणि अमेरिकेतल्या कुठल्याही विधिमंडळातल्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला सदस्य ठरल्या.

संघटना करणं मात्र इथे जिवावरचं काम होतं. १ ऑगस्ट १९२१ रोजी कामगारांची बाजू घेणारे मेटवान गावचे पोलीस प्रमुख सिड हॅटफिल्ड यांना वेल्चच्या न्यायालयाच्या पायऱ्यांवर कंपन्यांच्या खासगी गुप्तहेरांनी गोळ्या घातल्या. त्या रागातून ब्लेअर माउंटनवर हजारो हत्यारबंद खाणकामगारांचा उठाव झाला. १९३३ साली रूझवेल्टच्या कायद्याने संघटना करण्याचा हक्क मान्य केला, आणि दक्षिण वेस्ट व्हर्जिनियाचे खाणकामगार लोंढ्याने संघटनेत आले. इथलं डेमोक्रॅट मत हे त्या हक्काचं मत होतं. १९८४ साली रेगन यांनी ४९ राज्यं जिंकली तेव्हाही मॅक्डॉवेलने डेमोक्रॅट मोन्डेल यांना मत दिलं.

मग उतरण. २००० साली डेमोक्रॅट उमेदवार अल गोर राज्यात हरले, पण मॅक्डॉवेलमध्ये त्यांना दोन-तृतीयांशांच्या आसपास मतं मिळाली. २००४ साली केरींना ६० टक्क्यांहून थोडी जास्त. २००८ साली ओबामांना ५३ टक्के. २०१२ साली त्यांनाच ३४ टक्के. २०१६ साली हिलरी क्लिंटन यांना चौथाईच्याही आत. २०२० साली बायडेन यांना पाचातलं एक मत. एका पिढीत इतकी उलथापालथ देशात फार थोड्या ठिकाणी झाली असेल.

पहिलं स्पष्टीकरण लोकसंख्येचं सुचतं: डेमोक्रॅट निघून गेले, रिपब्लिकन उरले. ते प्रत्यक्ष मतांवर तपासता येतं. २००८ साली ओबामांना सुमारे ३,४०० मतं होती, रिपब्लिकन मॅकेन यांना २,९०० च्या आसपास. २०१६ साली क्लिंटन यांना सुमारे १,४००, ट्रम्प यांना ४,६०० च्या वर. २०२० साली ट्रम्प ५,१०० च्या पुढे गेले. लोकसंख्या घटत असताना रिपब्लिकन मतं नुसत्या टक्क्यांनी नाही, संख्येनेही दोन हजारांहून जास्त वाढली. नुसतं डेमोक्रॅट निघून गेल्याने हे होऊ शकत नाही. काहींनी बाजू बदलली आणि पूर्वी घरी बसणारे काही बाहेर पडले, हे दोन्ही झालं. निघून जाण्याने कल दिला असेल. उलटापालट त्याने झाली नाही.

बाजू का बदलली याची कारणं एकात एक गुंतलेली आहेत, आणि एकच सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. संघटना विरत गेली हे माझ्या मते सर्वात मोठं. मत कुणाला हे पूर्वी खाणीच्या तोंडाशी, संघटनेच्या सभेत ठरायचं. सभासद पेन्शनर झाले आणि सभेची जागा चर्चने, टीव्हीने घेतली. बंदूक आणि गर्भपात या विषयांवर राष्ट्रीय डेमोक्रॅट पक्ष लांब गेला. ओबामांच्या वर्णाचा भागही होता. २००८ साली पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या पक्षांतर्गत निवडणुकीत राज्यात हिलरी क्लिंटन यांनी त्यांना प्रचंड फरकाने हरवलं, आणि २०१२ साली तर टेक्सासच्या तुरुंगातल्या एका कैद्याला विद्यमान अध्यक्षांविरुद्ध सुमारे ४१ टक्के मतं पडली. पण ज्या क्लिंटन २००८ साली इथे लाडक्या होत्या, त्याच २०१६ साली हरल्या, म्हणजे वर्णाने सगळं उलगडत नाही. त्या वर्षी मार्चमध्ये त्या म्हणाल्या, की आपण पुष्कळ खाणकामगारांना आणि कोळसा कंपन्यांना धंद्याबाहेर घालवणार आहोत. वाक्याचा पुढचा भाग या लोकांना वाऱ्यावर सोडता येणार नाही असा होता. तो कुणाच्या कानी पडला नाही. पक्षांतर्गत निवडणुकीत राज्याने बर्नी सँडर्स यांना कौल दिला आणि नोव्हेंबरमध्ये ट्रम्प यांना. या दोन मतांमधला धागा डावा-उजवा नाही. वॉशिंग्टनने आम्हाला विसरलं, हा तो धागा.

‘कोळशाविरुद्धचं युद्ध’ ही ओबामांच्या विरोधकांची घोषणा इथे चालली, तरी मॅक्डॉवेलला ती नीट बसत नाही. इथला कोळसा मुख्यतः पोलादासाठी लागणारा, कोक (पोलादाच्या भट्टीचं इंधन) करण्याचा. ओबामा सरकारचे नियम प्रामुख्याने वीजकेंद्रांच्या धुरासाठी होते. या कोळशाचा भाव ठरतो जगात पोलाद किती बनतंय यावर, आणि त्यात आपणही आहोत: भारतातले पोलाद कारखाने अमेरिकेच्या कोकिंग कोळशाचे मोठे गिऱ्हाईक आहेत. मॅक्डॉवेलच्या बहुतेक नोकऱ्या तर त्याआधीच, १९५० ते १९९० या चाळीस वर्षांत गेल्या होत्या, दोन्ही पक्षांच्या राजवटीत.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे. २०२० साली इथे सगळी मिळून साडेसहा हजारांच्या आसपास मतं पडली. देशात पात्र मतदारांपैकी सुमारे दोन-तृतीयांशांनी मत दिलं होतं. मॅक्डॉवेलमध्ये, कैदी वगळूनही, प्रौढांपैकी निम्म्याहून कमी माणसांनी. २०१६ साली त्याहूनही कमी. ट्रम्प यांना मिळालेली पाच हजार मतं ही एकूण प्रौढांच्या अर्ध्याच्याही खूप आत आहेत. नकाशा गडद लाल दिसतो, पण काउंटीतला सर्वात मोठा गट मत न देणाऱ्यांचा आहे.

मत देत नाही तो कोण, हे गुप्त मतदानामुळे नेमकं कळत नाही, पण अमेरिकेतल्या मतदानाच्या अभ्यासात एक गोष्ट वर्षानुवर्षं दिसते: उत्पन्न जितकं कमी, तितकं मतदान कमी. फोन बंद पडलेला, भाड्याची खोली बदललेला, गाडी नसलेला, गोळ्यांच्या व्यसनात अडकलेला माणूस यादीतून आधी गळतो. मतदानाला येतो तो खाणीत नोकरी असलेला, शाळेतली शिक्षिका, तुरुंगातला रखवालदार, पेन्शनर. तो मदतीवर जगत नाही, पण मदतीवर जगणारा त्याचा चुलतभाऊ रोज त्याच्या डोळ्यांसमोर असतो, आणि त्याच्याबद्दल त्याला काळजीही वाटते आणि चीडही येते. तो सोशल सिक्युरिटीला आपली कमाई समजतो, आणि ती तशी आहेही. स्वतःच्या हिताविरुद्ध मत दिल्याचा आरोप या माणसावर करताना हिशेब दुसऱ्याच माणसाचा मांडलेला असतो.

पक्षनोंदणीचा (मतदार यादीत मतदार आपला पक्ष नोंदवतो, त्याचा) आकडाही फसवा आहे. ट्रम्प यांना मत देऊनही अनेक वर्षं काउंटीत नोंदणीकृत डेमोक्रॅटच जास्त होते, कारण शेरीफ, असेसर अशा स्थानिक जागांचा निकाल डेमोक्रॅटांच्या पक्षांतर्गत निवडणुकीतच लागायचा. राज्यपालपदासाठी २०१६ साली डेमोक्रॅट म्हणून निवडून आलेले कोळसा उद्योजक जिम जस्टिस पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये ट्रम्प यांच्या सभेत रिपब्लिकन झाले. संपूर्ण राज्यात रिपब्लिकन नोंदणी पुढे गेली ती २०२१ साली. मत आधी बदललं, कागद नंतर.

लोकसंख्येचा आकडा पुढे सत्तेतही उतरतो. १९५० च्या दशकात वेस्ट व्हर्जिनियाचे सहा प्रतिनिधी वॉशिंग्टनच्या कनिष्ठ सभागृहात बसत. मग पाच, चार, तीन, आणि २०२० च्या जनगणनेनंतर दोन. राज्यात शाळांना मिळणारा निधी पटसंख्येवर ठरतो, त्यामुळे मुलं कमी झाली की शिक्षक कमी होतात, शाळा एकत्र होतात आणि डोंगरातल्या रस्त्यांवरचा बसप्रवास लांबतो. मग मुलं असलेलं कुटुंब काउंटी सोडण्याचा विचार करतं. पुढची जनगणना २०३० साली आहे, आणि प्रतिनिधींच्या जागांची पुढची वाटणी तिच्यावर होईल.